आयरेसिंगच्या २४ तासांच्या टीम रेस: फक्त टायर आणि फ्युएलबद्दल बोलूया

आयरेसिंग या ऑनलाइन कार रेसिंग सिम्युलेटरचे रिव्ह्यू भरपूर आहेत, फोर्स फीडबॅक कसा, ट्रॅक किती अचूक, सबस्क्रिप्शन महाग का वगैरे, त्यामुळे ते सगळं मी इथे सोडून देतोय. मला लिहायचंय ते त्यांच्या टीम एन्ड्युरन्स इव्हेंट्सबद्दल, म्हणजे जानेवारीतलं डेटोना २४, मार्चमधलं सेब्रिंग १२, मग नुर्बुर्गरिंग २४, स्पा २४, आणि तेही एकाच बाजूने: टायर आणि फ्युएलचं नियोजन. आम्ही चौघं एका जीटी३ गाडीत (स्पोर्ट्स कारवर बेतलेला रेसिंग वर्ग) हे इव्हेंट आळीपाळीने चालवतो, वेगात आम्ही मधल्या स्प्लिटमधले (स्प्लिट म्हणजे लेव्हलप्रमाणे पाडलेले गट), टॉप स्प्लिटच्या जवळपासही नाही. पण ज्या रेसमध्ये आमचा नंबर बरा आला त्या प्रत्येक रेसमध्ये कारण एकच होतं, आमच्यापेक्षा वेगवान टीम एक पिट स्टॉप जास्त करून बसली होती. म्हणून हा विषय मला जवळचा आहे आणि म्हणूनच आयरेसिंगची ही सर्व्हिस मला मनापासून आवडते, काही गोष्टी खटकतात त्या पण सांगतो.

आधी गणित, कारण त्याशिवाय बाकीचं कळणार नाही. समजा टाकी १०० लिटरची आहे, एका लॅपला २.९ लिटर लागतं, आणि लॅप १ मिनिट ४८ सेकंदांची. एका टाकीत ३४ लॅप होतात, पस्तिसावी अर्धीच होते. आता नवीन टीम काय करते तर २४ तासांना लॅपटाइमने भागते, ८०० लॅप येतात, आणि मग "सगळ्यांनी फ्युएल वाचवा रे" असा आदेश निघतो आणि चौघेही २४ तास जीव मुठीत धरून हळू चालवतात. हे चूक आहे. ८०० लॅप होतच नाहीत कारण तुम्ही पिटमध्ये पण थांबता. २३ स्टॉप आणि प्रत्येकी साधारण ६५ सेकंद धरले तर जवळजवळ १४ लॅप तिथेच जातात, उरतात ७८६. आता २३ स्टिंट (स्टिंट म्हणजे एका टाकीतला सलग पल्ला) गुणिले ३४ केलं तर ७८२. म्हणजे कमी किती पडतायत? फक्त ४ लॅप! त्या ४ लॅपसाठी शेवटच्या दहा मिनिटांत एक आख्खा स्प्लॅश स्टॉप, म्हणजे थोडंसंच पेट्रोल भरायला थांबणं.

म्हणजे २३ पैकी फक्त ४ स्टिंट जर ३५ लॅपचे केले तर तो स्टॉप गायब होतो. बाकीचे १९ स्टिंट बिनधास्त चालवा. आणि त्या चार स्टिंटमध्ये पण वाचवायचंय किती, तर २.९ च्या जागी २.८४, लॅपला सहा शतांश लिटर. आता याची किंमत बघा. स्टॉप वाचला तर पिट लेनमधून हळू जाण्याचा आणि थांबण्याचा वेळ वाचतो, धरा ४० सेकंद (फ्युएल भरायचा वेळ फारसा वाचत नाही हे लक्षात ठेवा, एकूण पेट्रोल जवळपास तेवढंच भरावं लागतं, फक्त थांबे कमी होतात). ४० सेकंद भागिले १४० लॅप म्हणजे लॅपला पाव सेकंदापेक्षा जरा जास्त. तेवढं हळू गेलात तरी बरोबरीत आहात, त्यापेक्षा कमी हळू गेलात तर फायद्यात. हेच जर सगळ्या ७८६ लॅपमध्ये पेट्रोल वाचवत बसलात तर लॅपला पाच शतांश सेकंदापेक्षा जास्त परवडत नाही. म्हणून मी प्रत्येक नवीन टीमला हेच सांगतो की मोजायला सुरुवात शेवटच्या लॅपपासून करा, पहिल्यापासून नाही. पहिल्या स्टिंटपासून मोजलं की फक्त "टाकी कधी संपते" एवढंच दिसतं, शेवटाकडून मोजलं की "किती कमी पडतंय" ते दिसतं, आणि ते बहुतेक वेळा वाटतं त्यापेक्षा खूप कमी असतं.

आणि यात आयरेसिंगचं कौतुक कुठे, तर फ्युएलचं मॉडेल इतकं स्थिर आहे की हे सहा शतांश लिटर खरंच मोजता येतं. ब्रेकिंगच्या आधी थोडं लवकर थ्रॉटल सोडलं तर आकडा खाली येतो, गिअर लवकर वर टाकला तर येतो, आणि डेटोनाच्या बँकिंगवर (तिरप्या बांधलेल्या वळणांवर) कुणाच्या मागे चिकटून गेलं तर काहीही न करता येतो. ही शेवटची गोष्ट मला सगळ्यात आवडते. ड्राफ्टमध्ये असताना वेग पण मिळतो आणि पेट्रोल पण वाचतं, त्यामुळे कधीकधी समोरच्याला ओव्हरटेक न करता आठ-दहा लॅप त्याच्या मागे राहणं हाच सगळ्यात वेगवान मार्ग असतो. हे नवीन ड्रायव्हरला पटवून देणं मात्र महाकठीण, समोर गाडी दिसली की हात शिवशिवतात.

नुर्बुर्गरिंगला हेच गणित एकदम क्रूर होतं. २५.३७८ किलोमीटरची लॅप, जीटी३ ला सव्वाआठ मिनिटांच्या आसपास. समजा लॅपला १२.४ लिटर लागलं तर १०० लिटरमध्ये ८ लॅप जेमतेम बसतात, १२.६ लागलं तर ७ च. फक्त ०.२ लिटरचा फरक आणि प्रत्येक स्टिंटला एक आख्खी लॅप गेली, २४ तासांत दोन-तीन स्टॉप वाढले. डेटोनाला चूक झाली तर एका लॅपची चूक असते, इथे एका लॅपची चूक म्हणजे आठ मिनिटांची चूक, आणि मध्ये पेट्रोल संपलं तर पिटपर्यंत यायला वीस किलोमीटर बाकी असू शकतात. म्हणून तिथे आम्ही प्रॅक्टिसमध्ये लॅपटाइम बघतच नाही, फक्त फुल टाकीवर आठ लॅप सलग ट्रॅफिकमध्ये काढता येतात का एवढंच बघतो.

आता टायर. इथे आयरेसिंग बाकीच्या सिम्सपेक्षा वेगळं वागतं आणि यावर माझ्या टीममध्येच दोन मतं आहेत. गाडी चालवताना टायर किती झिजलाय ते तुम्हाला लाइव्ह दिसत नाही. पिटमध्ये टायर निघाल्यावर त्याची झीज आणि तापमान ब्लॅक बॉक्समध्ये (स्क्रीनवरच्या माहितीच्या चौकटीत) दिसतं, तोपर्यंत जे कळायचं ते हाताला आणि कमरेला. माझ्या एका टीममेटला हे अजिबात पटत नाही. मला पटतं. खऱ्या गाडीत पण टायर काढून बघितल्याशिवाय पूर्ण खात्री नसतेच, आणि आकडा दिसत असला की माणूस गाडीचं ऐकायचं सोडून आकड्याकडे बघत बसतो. पण यामुळे एक काम वाढतं ते म्हणजे लिहून ठेवणं. प्रत्येक स्टॉपनंतर चारही टायरचे आकडे, कोण चालवत होतं, ट्रॅक किती गरम होता, किती लॅप झाल्या. आमच्याकडे यासाठी एक साधी वही आहे, ॲप नाही काही नाही, आणि पाचव्या-सहाव्या स्टिंटनंतर त्या वहीत जे दिसतं ते कुठल्याच ओव्हरलेमध्ये (स्क्रीनवर आकडे दाखवणाऱ्या जोड-ॲपमध्ये) दिसत नाही. उदाहरणार्थ आमच्यातला एक जण मागचे टायर बाकीच्यांपेक्षा बरेच जास्त खातो कारण तो हेअरपिनमधून बाहेर पडताना थ्रॉटल लवकर देतो आणि ट्रॅक्शन कंट्रोल कमी ठेवतो. लॅपटाइम त्याचा सगळ्यात चांगला, पण त्याच्यानंतर त्याच टायरवर दुसऱ्याला पाठवलं की तो दुसरा ड्रायव्हर बिचारा पहिल्या पाच लॅपमध्येच रेडिओवर ओरडायला लागतो. आता नियम असा की डबल स्टिंट (त्याच टायरवर सलग दोन स्टिंट) करायचा असेल तर तो याच्यानंतर नाही, याच्या आधी.

डबल स्टिंटचं गणित पण सांगतो. टायर बदलल्यामुळे स्टॉप किती लांबतो हे आधी टेस्ट करून बघायला हवं, कारण काही गाड्यांना आणि सीरिजना फ्युएल आणि टायर एकाच वेळी होतात, काहींना एकानंतर एक. एकाच वेळी होत असतील आणि फ्युएललाच जास्त वेळ लागत असेल तर टायर जवळपास फुकट आहेत, घ्या आणि निघा. एकानंतर एक होत असतील आणि समजा १२ सेकंद जास्त जात असतील, तर १२ भागिले ३४, म्हणजे लॅपला साधारण ०.३५ सेकंद. जुन्या टायरवर सरासरी यापेक्षा कमी नुकसान होत असेल तर बदलू नका. सरासरी हा शब्द महत्त्वाचा. शेवटच्या पाच लॅप एक सेकंदाने हळू झाल्या म्हणून घाबरून जायचं नाही, आणि उलट, पहिल्या दहा लॅप मस्त गेल्या म्हणून खूशही व्हायचं नाही.

शिवाय जुन्या टायरचा एक फायदा लोक विसरतात. नवीन टायर थंड असतो. आउटलॅपला (पिटमधून निघाल्यावरच्या पहिल्या लॅपला) गाडी अक्षरशः साबणावर चालल्यासारखी वाटते आणि बहुतेक टीमची २४ तासांतली सगळ्यात मोठी घसरण याच लॅपला होते, त्यातही रात्री, जेव्हा ट्रॅक थंड असतो आणि चालवणारा नुकताच झोपेतून उठून बसलेला असतो. जुने टायर पिटमध्ये गार होतात पण नव्यांइतके नाही.

अजून एक फसवणूक होते ती वजनाची. १०० लिटर पेट्रोल म्हणजे साधारण ७५ किलो. स्टिंटच्या सुरुवातीला गाडी जड आणि टायर नवीन, शेवटी गाडी हलकी आणि टायर जुने. दोन्ही एकमेकांना खातात आणि लॅपटाइम सरळ रेषेत दिसतो, आणि ड्रायव्हर रेडिओवर सांगतो की टायर एकदम छान आहेत, अजून एक स्टिंट जातील. मग पुन्हा ७५ किलो भरले जातात आणि तेच टायर पहिल्याच मोठ्या वळणावर सोडून देतात. आम्ही हे करून बसलोय, सेब्रिंगला, दुपारच्या उन्हात, आणि त्या स्टिंटला दीड मिनिट घालवलं. तेव्हापासून प्रश्न असा विचारतो की "टायर कसे आहेत" नाही, तर "आत्ता टाकी भरली तर हे टायर उचलतील का". उत्तर वेगळं येतं.

रात्र झाली की ट्रॅक गार होतो, ग्रिप वाढते, टायर कमी झिजतात, त्यामुळे डबल स्टिंट रात्रीच ठेवावेत. दुपारी कुणी कितीही आग्रह केला तरी नाही. आणि ट्रॅफिकमध्ये दुसऱ्या गाडीच्या अगदी मागे वळणांतून गेलं की पुढचे टायर घसरून तापतात, म्हणजे सरळ रस्त्यावर मागे राहणं पेट्रोलला चांगलं पण वळणात तेच टायरला वाईट. मध्यम उपाय म्हणजे वळणात थोडी जागा सोडायची आणि सरळ रस्त्यावर पुन्हा ड्राफ्टमध्ये यायचं. बोलायला सोपं आहे, मला जमायला दोन सीझन लागले.

२०२४ च्या मार्चमध्ये पाऊस आला, त्याला ते टेम्पेस्ट म्हणतात, आणि तेव्हापासून वरचं सगळं गणित कधीही उलटं होऊ शकतं. ओल्या ट्रॅकवर लॅप हळू होते, पेट्रोल कमी लागतं, म्हणजे एका टाकीत लॅप वाढतात पण रेसमधल्या एकूण लॅप कमी होतात. दोन्ही आकडे एकदम हलतात. आणि ट्रॅक वाळायला लागला की पावसाचा टायर तापून मरतो, त्याला ओल्या पट्ट्यातून फिरवून गार ठेवावं लागतं. माझ्या मते या सर्व्हिसमध्ये गेल्या काही वर्षांत झालेली ही सगळ्यात चांगली सुधारणा आहे, कारण आता कोरड्या गणितावर सगळं ठरवून झोपायला जाता येत नाही, कुणीतरी जागं राहून हवामान बघायलाच लागतं.

आता खटकणाऱ्या गोष्टी. पहिली, बहुतेक टीम इव्हेंट्समध्ये सेफ्टी कार (अपघात झाला की सगळ्यांना आपल्यामागे हळू रांगेत चालवणारी गाडी) नसते. खऱ्या डेटोनाला फुल कोर्स यलो (सगळ्या ट्रॅकवर पिवळा झेंडा) लागला की सगळी स्ट्रॅटेजी पुन्हा मांडावी लागते, फ्युएल वाचवणाऱ्याला बक्षीस मिळतं किंवा त्याची सगळी मेहनत वाया जाते. इथे तो भागच नाही. समजू शकतो, ऑनलाइन पन्नासेक गाड्यांना रांगेत लावणं अवघड आहे, पण त्यामुळे सगळ्या टीम शेवटी जवळजवळ एकाच स्ट्रॅटेजीवर येतात आणि फरक त्या एका स्प्लॅशचाच राहतो.

दुसरी, पिट स्टॉपची सेटिंग. प्रत्येक स्टॉपनंतर टायर बदलायच्या टिकच्या खुणा परत चालू होतात. डबल स्टिंट ठरलेला असताना कुणी त्या काढायला विसरलं की नको असलेले टायर लागतात. आमचं एकदा झालं, पहाटे, चूक पूर्णपणे आमची, कारण उतरणाऱ्याला वाटलं बसणारा बघेल आणि बसणाऱ्याला वाटलं उतरणाऱ्याने बघितलंय. उपाय सोपा आहे, पिट कमांड बटणाला लावून ठेवायच्या, एक बटण सगळं साफ करायला, एक फक्त फ्युएल, एक फ्युएल आणि टायर. आणि पिटमध्ये वळायच्या आधी ड्रायव्हरने मोठ्याने वाचून दाखवायचं, "टायर नाही, फ्युएल फुल". ऑटो फ्युएल हा पर्याय आहे, छोट्या रेसमध्ये मी वापरतो, पण २४ तासांत शेवटच्या स्टॉपला त्याच्यावर सोडू नका, तो आकडा माणसाने टाकावा.

शेवटच्या स्टॉपचा आकडा टाकताना अजून एक गोष्ट: मल्टिक्लासमध्ये (वेगवेगळ्या वर्गांच्या गाड्या एकत्र धावतात तिथे) तुमच्या किती लॅप उरल्यात हे तुमच्या घड्याळावर नाही, सगळ्यात पुढची प्रोटोटाइप (सगळ्यात वेगवान वर्गातली गाडी) रेषा कधी ओलांडते त्यावर ठरतं. ती वेळ संपायच्या दहा सेकंद आधी रेषा ओलांडून गेली तर तुम्हाला एक लॅप जास्त करावी लागू शकते. त्यामुळे शेवटच्या दोन तासांत आमच्यातला एक जण फक्त आघाडीच्या गाडीचे लॅपटाइम आणि तिचा उरलेला पिट स्टॉप बघत बसतो, आपली गाडी बघतच नाही.

ओव्हरले आणि फ्युएल कॅल्क्युलेटर खूप मिळतात, त्यांच्याबद्दल एवढंच की ते सरासरी कुठल्या लॅपची काढतायत ते तपासा. एका ॲपने, नाव घेत नाही, आमच्या स्टिंटमधली इनलॅप (पिटला येतानाची लॅप) आणि आउटलॅप पण सरासरीत धरली होती आणि आम्हाला एक लॅप जास्त असल्याचं दाखवलं. पिटच्या तोंडाशी इंजिन खोकायला लागलं तेव्हा कळलं. तेव्हापासून वहीतला आकडा आणि ॲपचा आकडा जुळला तरच विश्वास.

बाकीच्या सिम्सशी तुलना केल्याशिवाय रिव्ह्यू पुरा नाही म्हणून थोडक्यात. असेट्टो कोर्सा कॉम्पिटिझिओने, २०१९ ची पूर्ण आवृत्ती, टायर प्रेशरच्या बाबतीत अजूनही अप्रतिम शाळा आहे, ड्राय टायर साधारण २६ ते २७ पीएसआयमध्ये ठेवायचा आणि हवामान बदललं की पुढच्या सेटचं प्रेशर आधीच ठरवून ठेवायचं, टायरचे सेट नंबरनिशी मोजलेले, ब्रेक पॅड सुद्धा झिजतात. प्रेशर म्हणजे काय हे ज्याला शिकायचंय त्याने तिथे महिनाभर घालवावा. ले मॉन्स अल्टिमेट २०२४ च्या फेब्रुवारीत अर्ली ॲक्सेसला आलं आणि २०२५ च्या जुलैमध्ये पूर्ण झालं, तिथे व्हर्च्युअल एनर्जी आहे, म्हणजे हायपरकारला (तिथला सगळ्यात वेगवान वर्ग) स्टिंटमध्ये किती ऊर्जा वापरता येईल याची टक्केवारी, आणि टाकीत पेट्रोल असलं तरी ती टक्केवारी संपली की पिटला यावंच लागतं. मग पेट्रोल जास्त भरून नुसतं वजन वाहायचं नसतं, दोन्ही एकदम संपतील असं प्रमाण लावायचं असतं. फार सुंदर कोडं आहे. टायरची झीज पण तिथे टक्क्यांत समोर दिसते. पण चार जणांनी मिळून एक गाडी रात्रभर चालवायची, झोपायच्या पाळ्या लावायच्या, यासाठी माझी पसंती अजूनही आयरेसिंगलाच आहे, कारण इव्हेंटला टीम प्रचंड येतात आणि तुमच्या लेव्हलच्या स्प्लिटमध्येच तुम्ही पडता.

ड्रायव्हरच्या वाटणीचा नियम पण स्ट्रॅटेजीत धरावा लागतो. समान वाटणीच्या निदान पाव हिस्सा लॅप प्रत्येकाने करायलाच हव्यात. चौघं आणि ७८६ लॅप म्हणजे प्रत्येकी साधारण १९६, त्याचा पाव हिस्सा ४९, म्हणजे सगळ्यात हळू ड्रायव्हरला सुद्धा दोन स्टिंट द्यावेच लागतात. ते दोन कधी द्यायचे? आम्ही देतो रात्री, ट्रॅफिक विरळ असताना, आणि त्याला वेगाचं काम देत नाही.

गंमत म्हणजे आमच्यातला सगळ्यात हळू ड्रायव्हरच २.८४ सगळ्यात सहज काढतो, न सांगता, त्याचा पायच तसा आहे. आणि टायर पण कमी खातो. दुसरा एक जण सांगितलं तर काढतो. बाकी आम्ही दोघं कितीही ठरवलं तरी ट्रॅफिक आला की २.९ वर जातो, वहीत तीन रेसचे आकडे आहेत. त्यामुळे पुढच्या डेटोनाला ३५ लॅपचे चारही स्टिंट त्या दोघांचे, दोन-दोन, मध्यरात्र ते पहाटेच्या मधे, त्यातले शेवटचे दोन जुन्या टायरवर. वॉर्मअप लॅपचं पेट्रोल पहिल्या स्टिंटमधून जातं म्हणून कदाचित पाचवा पण लागेल, तो कुणाला द्यायचा यावर अजून भांडण चालू आहे.